नियम चार शब्दांना बसतो, पाचव्याला मोडतो: भाषाविज्ञानाचा गृहपाठ अडला तर

समोर दहा-पंधरा शब्द असतात. भाषा अनोळखी, शेजारी मराठी अर्थ आणि खाली प्रश्न: 'रूपिका वेगळ्या करा', 'हे दोन ध्वनी एकाच स्वनिमाचे आहेत का?', 'नियम लिहा'. (रूपिका म्हणजे शब्दातला अर्थ असलेला सर्वांत लहान तुकडा; स्वनिम म्हणजे त्या भाषेत अर्थात फरक पाडणारा ध्वनी.) नियम सुचतो, चार शब्दांना बसतो आणि पाचव्याला मोडतो. दुसरा सुचतो, तो सातव्याला मोडतो. वर्गात ऐकताना सगळं कळलं होतं, म्हणून चिडचिड जास्त होते.

अडण्याची कारणं तशी मोजकी आहेत. बहुतेकांचं मूळ एकच: आपण परकी भाषा आपल्या लिपीतून, आपल्या कानांनी आणि मराठी अर्थातून वाचत असतो. म्हणून आधी गाडी नेमकी कुठे अडली आहे ते ओळखा. खाली लक्षणं आणि त्यांवरचे उपाय दिले आहेत. उदाहरणांतले परके शब्द देवनागरीत उतरवताना उच्चार जवळपासचे घेतले आहेत. गणित सोडवायला तेवढे पुरतात.

लक्षण १: शब्दाचे तुकडे पडतात, पण दर वेळी एखादं अक्षर उरतं

तुर्की भाषेचं हे नेहमीचं गणित घ्या.

एव – घर
एवलेर – घरं
एवदे – घरात
एविम – माझं घर
एविमदे – माझ्या घरात
एवलेरिमदे – माझ्या घरांमध्ये
ओदा – खोली
ओदालार – खोल्या
ओदादा – खोलीत
ओदाम – माझी खोली

'ओदाम' पाहून 'म = माझं' असं ठरतं. मग 'एविम'मधून 'म' काढला की 'एवि' उरतं, आणि 'घर' कधी 'एव' तर कधी 'एवि' कसं, इथे गाडी थांबते. चूक तुमच्या तर्कात नाही, अक्षरात आहे. देवनागरीत व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात मिसळतात, आणि रूपिकेची सीमा 'वि' या अक्षराच्या मधोमध आहे: व् इथे मूळ शब्द संपतो, इ इथे प्रत्यय सुरू होतो. डोळ्यांना ती फट दिसतच नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. सगळा डेटा पाय मोडून, एकेक ध्वनी सुटा करून पुन्हा लिहा: ए व् / ए व् ल् ए र् / ए व् इ म् / ओ द् आ म्. दहा शब्दांना पाच मिनिटं लागतात. आता 'माझं'चे दोन अवतार दिसतात: व्यंजनानंतर -इम्, स्वरानंतर नुसतं -म्. 'एवदे' आणि 'एवलेर' हे शब्द मूळ शब्द 'एव्' असल्याचं स्वतंत्रपणे सांगतातच.

त्याच कागदावर पुढची गोष्टही उघडी पडते. अनेकवचन -लेर् आणि -लार्, 'मध्ये' -दे आणि -दा. प्रत्यय दोन असले तरी अर्थ एकच. 'एव्'मध्ये ए आहे, 'ओदा'मध्ये आ. तुर्कीत या प्रत्ययांचा स्वर आधीच्या स्वराच्या जातीचा होतो: जिभेच्या पुढच्या भागाने होणाऱ्या स्वरांनंतर ए, मागच्या भागाने होणाऱ्या स्वरांनंतर आ. डेटात 'ओकुलदा' (शाळेत) असेल तर तेही बसतं. 'कितापता' (पुस्तकात) आला की मात्र पुन्हा मोडतं, कारण तिथे द् ऐवजी त् आहे. इथे स्वराचा नियम खोडू नका. तो बरोबर आहे. प् हे कठोर व्यंजन असल्यामुळे मागून येणारा द् कठोर झाला, हा दुसरा, वेगळा नियम. एकाच प्रत्ययात दोन स्वतंत्र बदल होऊ शकतात, ही गोष्ट ध्यानात नसली की चांगला नियम हकनाक खोडला जातो.

लिपीची आणखी एक खोड मराठीच्याच डेटात अडवते. 'कागद' आणि 'कागदावर' लिहिताना ग सारखाच दिसतो. मोठ्याने म्हणून पाहा: पहिल्यात 'गद्' असा अ ऐकू येतो, दुसऱ्यात 'काग्दावर' होतं. शब्दाच्या शेवटचा लिहिलेला अ तर बोलताना सहसा नसतोच. मराठी शब्दांवरचा ध्वनींचा गृहपाठ लेखनावरून कधीही करू नका. मोठ्याने म्हणा आणि म्हटलं तसं लिहा.

लक्षण २: मराठी अर्थातला एखादा भाग परक्या शब्दात सापडतच नाही

स्वाहिलीचा डेटा:

निनासोमा – मी वाचतो आहे
अनासोमा – ती वाचते आहे
निलिसोमा – मी वाचलं
अतासोमा – तो वाचेल
निनाकुपेन्दा – माझं तुझ्यावर प्रेम आहे
अनानिपेन्दा – त्याचं माझ्यावर प्रेम आहे
उनानिपेन्दा – तुझं माझ्यावर प्रेम आहे

इथे तीन खड्डे आहेत. पहिला लिंगाचा. मराठी अर्थात 'तो', 'ती' आहे म्हणून विद्यार्थी स्वाहिलीत लिंग शोधत बसतात. दोन्हीकडे अ- आहे. मराठीत असं वाक्य 'तो' किंवा 'ती' निवडल्याशिवाय सहसा होत नाही, म्हणून अर्थ लिहिणाऱ्याने एक निवडलं, इतकंच. दुसरा खड्डा 'प्रेम आहे' हा. मराठीने 'माझं तुझ्यावर प्रेम' अशी बांधणी केली, त्यात 'मी' कर्ता दिसत नाही. अर्थाच्या रकान्याशेजारी पेन्सिलीने आणखी एक रकाना आखा आणि मराठी व्याकरणाची पर्वा न करता नुसते घटक लिहा: मी + वर्तमान + तुला + प्रेम करणे. गणित या रकान्यावर सोडवायचं, सुंदर मराठी वाक्यावर नाही.

तिसरा खड्डा 'नि'चा. 'निनासोमा'त नि म्हणजे 'मी', 'अनानिपेन्दा'त नि म्हणजे 'मला'. एक तुकडा आणि दोन अर्थ दिसले की पोटात गोळा येतो. अशा वेळी जागा बघा. रकाने पाडा:

कर्ता | काळ | कर्म | धातू
नि | ना | – | सोमा
अ | ता | – | सोमा
नि | ना | कु | पेन्दा
अ | ना | नि | पेन्दा
उ | ना | नि | पेन्दा

पहिल्या रकान्यातला नि कर्ता, तिसऱ्यातला कर्म. आणि 'तू' कर्ता असताना उ, कर्म असताना कु, म्हणजे प्रत्येक पुरुषाचं रूप दोन्ही जागी सारखंच असेल असंही गृहीत धरता येत नाही. रकान्यांचा तक्ता भरला की 'तू मला वाचशील का' छापाचे उलटे प्रश्नही सोपे होतात: रकाना भरायचा आणि सलग वाचायचं.

तुकडे पाडताना सुरुवात नेहमी अशा दोन शब्दांपासून करा ज्यांच्या अर्थात एकाच गोष्टीचा फरक आहे. 'निनासोमा' आणि 'निलिसोमा': फरक फक्त काळाचा, म्हणून ना आणि लि सुटले. 'निनासोमा' आणि 'अतासोमा' यांच्यात दोन फरक आहेत. तिथून सुरुवात केली तर अंदाज लागतो, पुरावा मिळत नाही.

लक्षण ३: 'हे दोन ध्वनी तर सरळ वेगळे ऐकू येतात, मग एकच स्वनिम कसा?'

हा प्रश्न सगळ्यांत जास्त छळतो, आणि त्याचं उत्तर कानाने देता येत नाही. कोरियन शब्द पाहा:

ताल – चंद्र
मुल – पाणी
किल – रस्ता
मुल्दो – पाणीसुद्धा
तारी – पाय
नारा – देश
मुरे – पाण्यात
किरे – रस्त्यावर

मराठीत 'माल' आणि 'मार' हे वेगळे शब्द, म्हणून ल आणि र वेगळे वाटतात. पण ही मराठीची साक्ष झाली, कोरियनची नाही. कोरियनला विचारायचं तर प्रत्येक शब्दातल्या त्या ध्वनीच्या डावीकडे काय आणि उजवीकडे काय, एवढंच लिहायचं. अर्थ लिहायचा नाही, पूर्ण शब्दही नाही.

ल: आ__शेवट, उ__शेवट, इ__शेवट, उ__द
र: आ__ई, आ__आ, उ__ए, इ__ए

डाव्या बाजूला दोन्हीकडे आ, उ, इ आहेत. म्हणजे डावी बाजू काही ठरवत नाही, ती सोडून द्या. उजवीकडे र नंतर कायम स्वर, ल नंतर कधीच स्वर नाही. जिथे एक येतो तिथे दुसरा येत नाही, आणि हे दोन ध्वनी बदलून अर्थ बदलणारी जोडी डेटात नाही. वर 'मुल' आणि 'मुरे' हा एकच शब्द दोन्ही रूपांत दिसतो आहे. एकच स्वनिम.

बरेच जण इथे 'दोन स्वरांमध्ये र' असं लिहितात. या आठ शब्दांना ते बसतं. नववा शब्द 'रादिओ' (रेडिओ) आला की मोडतं, कारण त्यात र सुरुवातीला आहे आणि त्याच्या आधी स्वर नाही. 'पुढे स्वर असेल तर र, अन्यत्र ल' हा नियम दोन्हीकडे टिकतो आणि लिहायलाही छोटा आहे. मूळ ल धरायचा की र, याचा निकालही असाच लागतो. मूळ ल धरला तर एकच परिसर (आजूबाजूचे ध्वनी) सांगावा लागतो: पुढे स्वर. मूळ र धरला तर दोन सांगावे लागतात: शब्दाचा शेवट आणि पुढे व्यंजन. ज्याचा परिसर एका वाक्यात सांगता येतो तो बदललेला ध्वनी, आणि 'बाकी सगळीकडे' येतो तो मूळ. आपल्या परंपरेतले उत्सर्ग (सामान्य नियम) आणि अपवाद हे शब्द नेमके यासाठीच आहेत.

आता उलट बाजू. मराठीतले दोन च आणि दोन ज घ्या. 'घरचा' म्हणताना जीभ दातांकडे असते, 'घरची' आणि 'घरचे' म्हणताना तीच टाळूकडे जाते. 'माझा – माझी' यातही हेच. प्रत्यय तोच, बदल नियमित: ई आणि ए आधी तालव्य. म्हणून एकच स्वनिम, असं उत्तर येतं. मग कुणीतरी 'जरा' हा शब्द काढतं. 'जरा थांब' मधला ज दंततालव्य, म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधला तालव्य. बाकी सगळं सारखं आणि अर्थ वेगळा. म्हणजे दोन स्वनिम?

दोन्ही निरीक्षणं खरी आहेत. अ आधी दोन्ही ज येऊ शकतात आणि अर्थ बदलतात, म्हणून स्वनिम दोन. ई आणि ए आधी मात्र प्रमाण मराठीत हा भेद पुसला जातो आणि फक्त तालव्य उरतो. एका परिसरात भेद आणि दुसऱ्यात अभेद, हे भाषांमध्ये सर्रास होतं. उत्तर लिहिताना परिसर सांगितला की विरोध राहत नाही. अर्थ बदलणारी एक जोडी मिळाली की 'स्वनिम वेगळे' हे सिद्ध होतं, पण नियम नाहीच हे सिद्ध होत नाही.

अनुनासिकांचं गणित याच्या शेजारचं. 'मन' आणि 'मण' या जोडीने न आणि ण वेगळे ठरतात. 'रंग', 'अंक' यांतला ङ मात्र क-वर्गाच्या आधीच येतो, म्हणून त्याला वेगळा स्वनिम मानायचं कारण नाही. 'वाङ्मय' हा शब्द कुणी पुढे केला तर घाबरू नका. तो संस्कृतातून घडलेला आला आहे (वाक् + मय). उत्तरात तो वेगळा नोंदवा, लपवू नका.

लक्षण ४: सगळे नियम बरोबर आहेत, तरी उत्तर चुकीचं येतं

इथे क्रम चुकलेला असतो. यासाठी इंडोनेशियन क्रियापदांइतका चांगला डेटा क्वचित मिळतो, आणि देवनागरी जाणणाऱ्याला तर तो अर्धा सुटलेलाच हाती येतो.

आम्बिल – मेङाम्बिल (घेणे)
बाचा – मेम्बाचा (वाचणे)
देङार – मेन्देङार (ऐकणे)
गान्ती – मेङ्गान्ती (बदलणे)
पुकुल – मेमुकुल (मारणे)
तुलिस – मेनुलिस (लिहिणे)
किरिम – मेङिरिम (पाठवणे)
सापु – मेञापु (झाडणे)
लिहात – मेलिहात (पाहणे)
मासाक – मेमासाक (शिजवणे)

आधी उपसर्गाचं मूळ रूप. जिथे शेजारी सगळ्यांत कमी ढवळाढवळ करतो तिथलं रूप घ्यायचं, म्हणजे स्वराआधीचं: मेङ्-. मग शाळेतला वर्णमालेचा तक्ता समोर ठेवा. ब आधी म्, द आधी न्, ग आधी ङ्. प्रत्येक वर्गाचं स्वतःचं अनुनासिक. 'पुढच्या व्यंजनाचं स्थान घेतं' हे एका ओळीत लिहिता येतं, प्रत्येक अक्षरासाठी वेगळा नियम करायची गरज नाही. आपली वर्णमाला उच्चारस्थानानुसार लावलेली आहे, तिचा असा उपयोग करून घ्या.

पुकुल, तुलिस, किरिम यांत अनुनासिक बरोबर आलं, पण धातूचं पहिलं व्यंजन गळालं. सापुमध्येही तेच, फक्त स आधीचं अनुनासिक ञ होतं. ल आणि म आधी अनुनासिक स्वतःच गळालं. तर नियम तीन:

क. ङ् पुढच्या व्यंजनाचं स्थान घेतो.
ख. अनुनासिकानंतर प, त, क, स गळतात.
ग. ल, म अशा व्यंजनांआधी अनुनासिक गळतं.

आता 'मेमुकुल' पायरीपायरीने काढा. मेङ् + पुकुल. क लावला: मेम्पुकुल. ख लावला: मेमुकुल. बरोबर. हेच उलट करून बघा. आधी ख: मेङ् + पुकुल मधला प गळाला, मेङुकुल. आता क लावायला पुढे व्यंजनच नाही. हाती 'मेङुकुल' आलं आणि ते चूक आहे. म हा प चा माग आहे. प आधीच पुसला तर म कुणाकडे बघून होणार? म्हणून क आधी, ख नंतर. उत्तरपत्रिकेत 'क हा ख च्या आधी' एवढं लिहून सोडू नका. उलट क्रमाने येणारं चुकीचं रूप लिहून दाखवा. पुरावा तोच असतो.

'ख' मध्ये प, त, क, स असं नावानिशी लिहिलं आहे, 'कठोर व्यंजनं' असं नाही. तो मोह होतोच, कारण ती चारही कठोर आहेत. पण 'चारी' (शोधणे) याचं रूप 'मेञ्चारी' होतं. च कठोर आहे आणि तरी गळत नाही. डेटात नसलेल्या ध्वनीपर्यंत नियम ताणला की नेमका असा पाचवा शब्द आडवा येतो. ऐटबाज वर्गवारीपेक्षा खरी यादी चांगली.

दिशाही सांभाळा. 'मेमुकुल' वरून धातू शोधायला गेलात तर तो पुकुल की मुकुल हे कळायला मार्ग नाही. 'मेमासाक' मध्ये तर धातूचाच म आहे. माहिती गळण्याच्या दिशेने नियम चालतात. मुळाकडून रूपाकडे जा, उलट नाही.

क्रमाचा हा विचार नवा नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ८.२.१ हे सूत्र 'पूर्वत्रासिद्धम्' असं आहे: तिथून पुढचे नियम आधीच्या नियमांच्या दृष्टीने घडलेच नाहीत असं मानायचं. कोणत्या नियमाला कोणाचं काम दिसावं, हा प्रश्न त्या ग्रंथाने इतक्या नेटकेपणाने सोडवून ठेवला आहे.

लक्षण ५: दोन रूपांपैकी मूळ कोणतं, यावर गाडी अडते

जर्मनमध्ये 'हुन्त' म्हणजे कुत्रा, 'हुन्दे' म्हणजे कुत्रे. एकट्या रूपात त, म्हणून मूळ त धरावासा वाटतो. धरून बघा: मग 'अनेकवचनात त चा द होतो' असा नियम करावा लागेल. तो 'बुन्त – बुन्ते' (रंगीबेरंगी) या जोडीवर आपटतो, कारण तिथे त तसाच राहतो. मूळ द धरा आणि 'शब्दाच्या शेवटी मृदु व्यंजन कठोर होतं' म्हणा: हुन्द् चं हुन्त होतं, बुन्त् मध्ये बदलायचं काही नाही, दोन्ही जोड्या सुटतात.

म्हणजे चाचणी अशी: दोन्ही पर्याय कागदावर शेवटपर्यंत चालवायचे, आणि बदल न होणारी जोडी मुद्दाम शोधायची. डेटात 'बुन्त – बुन्ते' सारखी निरुपद्रवी दिसणारी ओळ असते ती भरतीची नसते. गणित लिहिणाऱ्याने ती तुमचा चुकीचा पर्याय पाडण्यासाठीच ठेवलेली असते.

लक्षण ६: ग्लॉसिंगमध्ये गुण जातात, कारण कळत नाही

ग्लॉसिंग म्हणजे वाक्याखाली प्रत्येक तुकड्याचा अर्थ लिहिणं. त्यासाठी बहुतेक ठिकाणी लाइपझिगचे नियम वापरतात. त्यातला एक पाळला तरी निम्म्या चुका संपतात: वरच्या ओळीतल्या शब्दात जितक्या आडव्या रेघा, तितक्याच खालच्या ओळीतल्या शब्दात. एकाच न फुटणाऱ्या तुकड्यात दोन माहिती असतील तर त्यांच्यामध्ये रेघ नाही, टिंब.

मुली-ने कादंबरी वाच-ल-ई
मुलगी.सामान्यरूप-तृतीया कादंबरी वाच-भूत-स्त्री.एकवचन

'मुली' मध्ये टिंब का? 'मुलगी'चं सामान्यरूप आतून बदलून आलं आहे, स्वतंत्र प्रत्यय दाखवता येत नाही. 'ने'ला तृतीया म्हणायचं की एर्गेटिव्ह (सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याची विभक्ती), हे अभ्यासक्रमावर ठरतं. एक घ्या आणि सगळीकडे तेच ठेवा.

क्रियापद कुणाशी जुळतं हे अर्थावरून ठरवू नका. एका वेळी एकच शब्द बदला. मुलीने ऐवजी 'मुलाने कादंबरी वाचली': क्रियापद हललं नाही. कादंबरी ऐवजी 'मुलीने लेख वाचला', 'मुलीने पुस्तक वाचलं': लगेच हललं. म्हणजे कर्माशी जुळतं. शाळेतला कर्मणी प्रयोग तो हाच.

वृक्षाकृतीत अडलं तर

वृक्षाकृती म्हणजे वाक्यातले शब्दगट फांद्यांनी दाखवणारी आकृती. अडतं तेव्हा बहुतेक वेळा फांद्या काढायची घाई झालेली असते. आधी गट ठरवा. 'शेजारच्या मुलीने काल ग्रंथालयातून जाडजूड कोश आणला.' कोणी? शेजारच्या मुलीने. काय? जाडजूड कोश. या प्रश्नांची उत्तरं गट आहेत. 'मुलीने काल' हे कुठल्याच प्रश्नाचं उत्तर होत नाही, म्हणून ते दोन शब्द शेजारी असूनही एका फांदीखाली येत नाहीत. मराठीत शब्द बरेच इकडेतिकडे सरकतात, त्यामुळे नुसतं सरकवून बघण्याच्या चाचणीवर भिस्त ठेवू नका. प्रश्न विचारण्याची आणि 'ती', 'तो', 'तिथून' असे शब्द जागी घालून बघण्याची चाचणी जास्त खात्रीची.

'लाल फुलं आणि पानं' याची झाडं दोन काढा असं सांगितलं, तर अर्थ आधी वाक्यात लिहा: पानंही लाल आहेत, की फक्त फुलं? पहिल्या अर्थात 'फुलं आणि पानं' आधी जुळतात आणि 'लाल' वरून येतं. दुसऱ्यात 'लाल फुलं' आधी जुळतात.

आकड्यांची गणितं

यात एकच गोष्ट पाहायची: पाया किती. बास्क भाषेत हामार १०, होगेइ २०, होगेइता हामार ३०, बेर्रोगेइ ४०, हिरुरोगेइ ६०, लाउरोगेइ ८०. हिरु म्हणजे ३ आणि लाउ म्हणजे ४ हे माहीत असेल तर ३ × २० आणि ४ × २० लगेच दिसतात. पाया २०. ५० तुम्हीच बांधा: ४० आणि १०, बेर्रोगेइता हामार. वजाबाकीची शक्यता मात्र विसरू नका. आपण स्वतः रोज 'एकोणतीस' म्हणतो, तीसला एक ऊन.

उत्तर लिहिण्याआधी

नियम तयार झाला की डेटातल्या प्रत्येक शब्दावर तो चालवून शेजारी बरोबरची खूण करा. प्रत्येक, निवडक नाही. एखादा शब्द बसला नाही तर तीन गोष्टी याच क्रमाने तपासा. शब्द उतरवताना चूक झाली का? परिसर जरा जास्त अरुंद किंवा जास्त रुंद लिहिला का? तिथे दुसरा, वेगळा नियम काम करतो आहे का? नियम फेकून देण्याची वेळ या तिन्हींनंतर येते. आणि तरीही शब्द बसत नसेल तर 'हा शब्द या नियमात बसत नाही' असं उत्तरात स्पष्ट लिहा. तपासणाऱ्याला ते चालतं. गुपचूप गाळलेला शब्द मात्र पहिल्या नजरेत दिसतो.

एकाच गणितावर पाऊण तास हालचाल झाली नसेल तर कागद उलटा ठेवून दुसरं गणित घ्या, आणि परत आल्यावर जुन्या खुणांवर नको, कोऱ्या कागदावर पायमोड्या अक्षरांपासून सुरू करा. शिक्षकांकडे जायचं ठरलं तर 'काही कळलं नाही' असं सांगत जाऊ नका. परिसरांचा तक्ता, तुमचा नियम आणि तो जिथे मोडतो तो एक शब्द, एवढं एका पानावर लिहून न्या. 'मेञ्चारीमधला च का गळला नाही?' असं विचारलंत, तर नेमक्या तिथूनच समजावून सांगता येतं.